मामांचे कोरडे मोजे

मनुष्यजातीवर जी जी म्हणून संकटं येतात त्यांतली निम्मी हात ओले झाल्यामुळे येतात आणि उरलेली निम्मी हात ओले झालेत हे वेळेवर न कळल्यामुळे, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हा तिला आणि तिच्या आईला नाशिक रोडला आपल्या घरी आणून स्थळं पाहण्यापासून कन्यादानापर्यंत सगळं मामा-मामींनीच केलं. आमचा बघण्याचा कार्यक्रमही त्यांच्याच घरी झाला. जमलेल्या मंडळींनी माझं शिक्षण विचारलं, गाव विचारलं, लग्नाच्या बहिणी किती ते विचारलं. मामा कोपऱ्यात गप्प बसून माझ्याकडे, म्हणजे खरं तर माझ्या हातांकडे, टक लावून पाहत होते. पोह्यांच्या बशा आत गेल्या तसे ते उठले आणि म्हणाले, "जरा उजवा पंजा बघू." मला वाटलं, ज्योतिषाचा नाद असेल. मी मुकाट्याने तळहात पुढे केला. त्यांनी खिशातून शिंप्याची टेप काढली, पंज्याचा घेर घेतला, मधलं बोट मोजलं, मनगट मोजलं, "नऊ नंबर" असं स्वतःशीच पुटपुटले आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का, हात चांगला आहे मुलाचा!" माझं लग्न असं पंज्यावर जमलं. बाकीच्या माझ्याविषयी कुणाला काही विशेष वाटलं होतं असं मला तरी आठवत नाही.

मामा पाणबुडे होते. अंगात रबरी पोशाख चढवायचा, पाठीवर हवेची टाकी बांधायची, पाण्याखाली जायचं आणि धरणांच्या दरवाजांचे बोल्ट, रबरं, जाळ्या ठाकठीक करून वर यायचं, हा त्यांचा उद्योग. बारा वर्षं समुद्रावर नोकरी करून ते नाशिकला परतले होते. समुद्र सोडून पार इकडे घाटावर कशाला आलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पाणी तिथंही ओलंच असतं आणि इथंही." ज्या गावात माणसं माघ महिन्यात पहाटे उघड्या अंगाने गोदावरीत बुडी मारतात, कुडकुडतात आणि त्यालाच पुण्य म्हणतात, त्या गावात पाण्यात शिरायचं पण हात मात्र कोरडे ठेवायचे, असा हट्ट धरणारा हा गृहस्थ. लोक हसायचे. पण त्या हट्टाला कारण होतं. एकदा त्यांना उत्तरेकडे डोंगरातल्या एका धरणावर बोलावलं होतं. तिथलं पाणी बर्फाचं. अर्ध्या तासात बोटं लाकडासारखी झाली, आणि वर येताना कमरेच्या वजनाच्या पट्ट्याचं बक्कल सोडायची वेळ आली तेव्हा ते बक्कल बोटांना सापडेना. डोळ्यांना दिसत होतं, बोटांना कळत नव्हतं. सोबतच्या माणसाने खाली येऊन ते सोडलं म्हणून मामा वर आले. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला: पाणबुड्याला पाण्यातही कोरडा राहील असा हातमोजा करायचा, आणि तो नुसता आपल्यापुरता नाही, तर आमच्या पाटबंधारे खात्याच्या सगळ्या पाणबुड्यांना मिळवून द्यायचा. हिवाळ्यात खोल पाण्यात ती सगळी माणसं उघड्या हातांनी नट-बोल्टांचे पाने फिरवत होती. मी त्याच खात्यात हंगामी ओव्हरसियर होतो. त्यामुळे मामांचं लक्ष पंज्यानंतर माझ्या नोकरीकडेही हळूहळू गेलं.

विकत मिळणारा मोजा नव्हताच, तेव्हा मोज्याची निवड हे त्या घरातलं कायमचं कार्य होऊन बसलं. आधी दवाखान्यातले पातळ मोजे झाले. त्यांतून सगळं कळायचं, पण नख लागलं की फाटायचे. मग वायरमनचे जाडजूड मोजे आले. ते जन्मात फाटले नसते, पण ते घातल्यावर हातात बोल्ट आहे की बटाटा आहे हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. अखेरीस अंबडला मुलामा देण्याच्या एका छोट्या कारखान्यात आम्लात हात घालणाऱ्या कामगाराचे मोजे त्यांनी पाहिले आणि त्या कामगाराचा हात हातात घेऊन इतका वेळ उभे राहिले की तो बिचारा लाजला. "बोटाला कळलं पाहिजे आणि पाण्याला कळता कामा नये," हे त्यांचं सूत्र त्या दिवशी सिद्ध झालं. त्यातही माप एक नंबर मोठं घ्यायचं, कारण आत लोकरीचा मोजा बसला पाहिजे. "ऊब रबरात नसते जावईबापू, ऊब लोकरीत असते. रबराने फक्त दार लावून घ्यायचं." लोकरीचे आतले मोजे मामी विणायच्या. एखाद्या मोज्याला आतून कुठे गाठ असली तर मामा तो उसवायला लावत. त्या घरात मला स्वेटर मिळायला लग्नानंतर पाच वर्षं लागली, कारण सगळी लोकर मोज्यांकडे जात होती.

नवा मोजा आला की मामा तो दोन-दोन दिवस हातातून काढत नसत. मोजा घालून मेथी निवडायची, मटार सोलायचे, सुईत दोरा ओवायचा, रेडिओचं स्टेशन लावायचं. मेथीचं पान देठापासून अलगद खुडता आलं तर त्या मोज्यात नट फिरवता येतो, असा त्यांचा हिशेब होता. मामींना अर्थातच हे सोयीचं होतं. मेथी आणायची म्हटली की त्या आधी विचारायच्या, "नवा मोजा कधी येतोय?" एकदा तर मामा कोपरापर्यंत काळे रबरी मोजे घालून भाजी आणायला गेले. मखमलाबादकडून भाजी घेऊन येणारी एक बाई रोज कोपऱ्यावर बसायची. मामा तिच्या पाटीतलं एकेक वांगं उचलून, डोळे मिटून, दाबून बघू लागले. ती थोडा वेळ सोसत राहिली. मग म्हणाली, "मामा, वांगं हाय ते, इंचू नाय. लय भ्या वाटतंय तर दोडकं घेऊन जा." मामांनी डोळे न उघडता तिला सांगितलं, "हे किडकं आहे." चिरलं तर खरोखरच किडकं निघालं. तो आठवडाभर घरात त्या वांग्याचा विषय होता.

सगळ्यात मोठी अडचण मनगटाची होती. मोजा पोशाखाच्या बाहीला असा जोडायचा की पाण्याला फट राहू नये. त्यासाठी बाहीच्या आत एक टणक कडं हवं, त्यावर बाहेरून मोज्याची कड ताणून बसवायची आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवायची. ते कडं शोधायला मामांनी डब्यांची झाकणं, चाळण्या, नळाचे तुकडे सगळं धुंडाळलं आणि शेवटी मामींबरोबर कासाराच्या दुकानात जाऊन बसले. सहा फूट उंची, जाड मिश्या, आणि पुढे केलेलं मनगट. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कासार मात्र धंद्याला जागणारा. त्याने गंभीरपणे मामांचा पंजा हातात घेतला, अंगठा आत दुमडला, साबणाचा हात फिरवला आणि कुणाला कळायच्या आत एक जाड प्लॅस्टिकची बांगडी पार मनगटावर नेऊन ठेवली. "भरल्या हाताने जा, मालक," असंही सवयीने म्हणाला. मामांनी तिथल्या तिथे त्याला विचारलं की अंगठा नेमका कुठे दुमडलास, आणि ती युक्ती रबरी बाहीतून हात घालायला कायमची उचलली. इंजिनियर मुलखाचे पाहिले, पण मनगटातलं सगळ्यात जास्त कळतं ते कासाराला, हे ते कुणालाही ऐकवत.

आणि राखीची गोष्ट. पोशाखाच्या बाहीला मनगटाशी आतून एक घट्ट रबरी पट्टी असते, त्यामुळे पोशाखातली हवा मोज्यात येत नाही. खोल गेलं की मोज्यातली हवा आकसते आणि मोजा हाताला चिमटे काढतो. मामांचे हात वर आल्यावर लाल-निळे दिसायचे. एका श्रावणात राखीपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना धरणावर जायचं होतं. माझ्या सासूबाईंनी बांधलेली राखी काढायला त्यांनी साफ नकार दिला. "बहिणीची राखी पाण्याला भिऊन काढू होय?" म्हणून तशीच पट्टीखाली दडपली आणि बुडी मारली. वर आले ते आनंदाने ओरडतच. त्या राखीच्या जाड दोऱ्याशेजारी बारीकशी वाट राहिली होती, तिच्यातून पोशाखातली हवा मोज्यात गेली आणि हात अजिबात चिमटला नाही! तेव्हापासून सासूबाई भावाला टिकल्या-झिरमिळ्यांच्या राख्या सोडून नुसती जाड लोकरीची राखी बांधू लागल्या, तीही दोन्ही हातांना, आणि मामा ती पुढच्या श्रावणापर्यंत वागवू लागले. त्यातला धोकाही मामांनीच मला समजावला होता. मोज्यात पाणी शिरलं तर त्याच वाटेने ते बाहीत शिरणार. "म्हणून मोजा गळता कामा नये. आणि माझा मोजा गळत नाही." हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणत. त्यांना कुणी काही बोलावं, त्यांच्या मिशीला हसावं, पण मोजा गळतो म्हणणाऱ्याशी ते वर्ष-वर्ष बोलत नसत. एका चुलतभावाशी तर ते त्यावरून कायमचे दुरावले.

मोजे घालण्याचा विधीही बघण्यासारखा होता. सगळी बक्कलं आधी लावून घ्यायची, नाक आधी खाजवून घ्यायचं, तपकीर आधी ओढून घ्यायची. डावा मोजा आपला आपण घालायचा. उजवा मात्र दुसऱ्याने घालायचा, कारण मोजा घातलेल्या हाताने मोजा घालता येत नाही. हे काम मामींचं. मोजा कड्यावर बसला की त्या करंजीची कड दाबून पाहतात तसा अंगठा त्या कड्यावरून पूर्ण फिरवायच्या. आतल्या लोकरीचा एक धागा जरी कडेखाली अडकला तरी तिथून पाणी शिरतं. अंगठा फिरून जिथून निघाला तिथे परत आला की म्हणायच्या, "जा आता." त्याशिवाय मामा पाण्याकडे बघतसुद्धा नसत.

मी तीन वर्षं साहेबांच्या टेबलापाशी कागद सरकवत राहिलो तेव्हा कुठे ऐंशीनंतरच्या एका जानेवारीत खात्याने मामांचे मोजे तपासायचं ठरवलं. धरणाच्या एका दरवाजाचं रबर बदलायचं होतं, चाळीस मिनिटांचं काम होतं. ते मामांनी मोजे घालून करायचं आणि मोठे साहेब स्वतः बघणार. मोजे कसोटीला उतरले तर सगळ्या पाणबुड्यांसाठी मंजूर होणार होते. एकच अडचण होती. धरणाच्या भिंतीवर मदतीला खात्याचाच माणूस पाहिजे, असा नियम. एरवी मामी बरोबर जात आणि कुणी लक्ष देत नसे, पण साहेबांसमोर त्या चालणार नव्हत्या. साहेबांनी माझं नाव घातलं. माझी तेव्हा नोकरी कायम व्हायची होती, आणि तो कागदही त्याच साहेबांपुढे होता. बायकोला सातवा महिना. मामींनी मला पंधरा दिवस रोज संध्याकाळी मामांच्या हातात मोजा चढवायला लावला. "अंगठा पुरता फिरवायचा हं," एवढं एकच त्या सांगत होत्या.

त्या सकाळी भिंतीवर असा गारठा होता की पाण्यावरून वाफ उठत होती. ओझरकडून एखादं विमान यायचं, डोक्यावरून जायचं आणि पुन्हा सगळं चिडीचूप व्हायचं. साहेब मफलर गुंडाळून उभे होते. मामांनी नाक खाजवलं, तपकीर ओढली, डावा मोजा चढवला, हवेची नळी दातांत धरली आणि उजवा हात माझ्यापुढे केला. मी मोजा कड्यावर बसवला, ट्यूबची पट्टी चढवली आणि अंगठा फिरवू लागलो. तेवढ्यात साहेब म्हणाले, "किती वेळ? तुम्हाला जमत नसेल तर दुसरा माणूस देतो." मी दचकून त्यांच्याकडे वळलो, "झालंच साहेब" म्हणालो आणि मामांचा हात सोडला. मामा क्षणभर तसेच उभे राहिले. मग शिडीने पाण्यात उतरले.

चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. त्यांच्या कमरेला बांधलेली दोरी हलत होती म्हणजे काम चालू होतं. मामा तासाने वर आले ते ओठ निळे पडलेले, उजवा हात अंगाशी धरलेला. मी पट्टी सोडवली आणि मोजा ओढला, तर आतून तांब्याभर पाणी माझ्या पायांवर पडलं. त्यांची बाही काखेपर्यंत ओली होती. आणि कड्यावर, जिथे माझा अंगठा पोचलाच नव्हता तिथे, मामींच्या विणीतला करड्या लोकरीचा एक धागा चिकटलेला होता. मी तो पाहिला. मामांनीही पाहिला. साहेब जवळ येईपर्यंत मामांनी डाव्या हाताने तो धागा काढून मुठीत घेतला होता.

साहेबांनी आधी रबराचं विचारलं. सगळे बोल्ट बसले होते, एकही बाकी नव्हता. मग त्यांनी जमिनीवरच्या पाण्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "मोजा गळका आहे की बांधणारा हलगर्जी आहे? बांधणाऱ्याची चूक असेल तर ह्या माणसाचा मी आजच निकाल लावतो. मोजाच तसला असेल तर कागद परत पाठवतो."

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. आजही मला त्याची लाज वाटते.

मामा दात वाजत असताना म्हणाले, "मोजाच गळका आहे, साहेब. मुलाने बरोबर बांधला होता."

कागद परत गेला. महिन्याभरात मी कायम झालो. माझी मुलगी जन्मली. नियमाप्रमाणे खात्याच्या कामावर मामांना नामंजूर मोजे घालता येईनात, म्हणून पुढचे चार हिवाळे ते आमच्याच धरणांवर उघड्या हातांनी उतरले. विहिरींच्या खासगी कामांना मात्र मोजे घालूनच जात. घरात त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मामींनी विचारलं तेव्हा "रबर जुनं होतं" म्हणाले. दुरावलेला तो चुलतभाऊ मुद्दाम घरी येऊन म्हणाला, "मी सांगत होतो की नाही, गळतो म्हणून?" मामांनी त्याला बसायला पाट दिला, जेवायला वाढलं, आणि हो म्हणाले. मी समोरच जेवत होतो.

मामा आता नाहीत. ते जायच्या आदल्या हिवाळ्यात मी एका दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. गॅलरीत उन्हाला बसले होते. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. सगळं सांगून टाकलं: अंगठा पुरता फिरवला नव्हता, चूक माझी होती, आणि तुमच्या मोज्यांवरचा डाग मी इतकी वर्षं तसाच राहू दिला.

मामा म्हणाले, "अर्धाच फिरवलात तुम्ही. मी बघत होतो."

"म्हणजे पाण्यात उतरायच्या आधीच?"

"हो तर. हात माझाच होता ना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तोंडातली नळी काढून एक शब्द बोलला असतात, तर मी पुन्हा फिरवला असता!"

"साहेब शेजारी उभे होते तुमचे," मामा म्हणाले. "म्हटलं, निभेल."

मग त्यांनी आत मामींना चहा टाकायला सांगितला, मुलीच्या शाळेची चौकशी केली, उन्हाकडे पाठ करून बसले. आणि नंतर, ज्या माणसाच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात कधी कसलीही तक्रार ऐकली नव्हती तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "पण पाणी फार गार होतं हो त्या दिवशी."

मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, आणि चहा येईपर्यंत सोडला नाही.